थंडीत इंजिन गरमच होत नाही, काटा खालीच राहतो: सेन्सर बदलायच्या आधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकला राहता, पेट्रोल हॅचबॅक सेकंडहँड घेतलीय, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आहे. डिसेंबरपासून सकाळी हायवेला लागलं की टेंपरेचरचा काटा पावाच्या वर जात नाही, टोलला किंवा सिग्नलला थांबलं की थोडा चढतो, परत पळायला लागलं की उतरतो. हीटर कोमट येतो, एव्हरेज पडलंय, चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०१२८ हा कोड निघाला, म्हणजे कूलंट (इंजिनभोवती फिरणारं थंड ठेवायचं पाणी) पाहिजे तेवढं तापत नाहीये. एक गॅरेजवाला म्हणतो थंडीत असंच असतं, दुसरा म्हणतो टेंपरेचरचा सेन्सर बदला, आणि घरचे म्हणतात इंजिन थंड राहतंय तर चांगलंच आहे की, उगाच कशाला हात लावताय.

यातलं कुणाचंच ऐकू नका. तुम्ही स्वतः जे लिहिलंय ना, थांबलं की चढतो आणि पळालं की उतरतो, त्यातच निम्मं निदान झालंय. सेन्सर खराब असेल तर त्याला गाडी किती स्पीडने चाललीय हे कळत नाही, तो उभ्या गाडीतही चुकीचं दाखवेल आणि ऐंशीच्या स्पीडलाही. स्पीडबरोबर टेंपरेचर खाली-वर होतंय म्हणजे समोरून येणारा वारा खरोखरच इंजिन थंड करतोय, म्हणजे रेडिएटरमधून पाणी फिरायला नको तेव्हा फिरतंय, आणि ते अडवायचं काम ज्याचं तो थर्मोस्टॅट एकतर उघडा अडकलाय नाहीतर जागेवर नाहीच. माझा पैसा या दुसऱ्यावर आहे, का ते सांगतो, पण आधी "थंडीत असंच असतं" हे निकालात काढू.

थर्मोस्टॅट म्हणजे एक स्प्रिंगचा वॉल्व्ह, मधे पितळेची छोटी डबी, त्यात मेण भरलेलं. इंजिन गार असताना वॉल्व्ह बंद, कूलंट इंजिन आणि हीटर एवढ्यातच फिरतं, रेडिएटरकडे जातच नाही. ८२ किंवा ८८ अंशाला (जे काय त्याच्यावर कोरलेलं असेल ते) मेण वितळून फुगतं, दांडी ढकलली जाते, वॉल्व्ह उघडायला लागतो आणि अजून दहा-पंधरा अंशात पूर्ण उघडतो. इंजिन गार पडायला लागलं की स्प्रिंग त्याला परत बंद करते. मग बाहेर थंडी कितीही असो, वॉल्व्ह कमी उघडेल इतकंच. नॉर्वेत उणे वीसमध्ये गाड्या नव्वदच्या आसपास चालतात, निफाडला पारा सहावर आला म्हणून तुमची गाडी साठवर चालायला पाहिजे असं काही नाही. थंडीमुळे बिघाड झालेला नाही, थंडीमुळे तो दिसायला लागला. मे महिन्यात पस्तीस-चाळीस डिग्रीत उघडा थर्मोस्टॅट असला तरी काटा मधोमध पोचतो, म्हणून वर्षभर कुणाला पत्ता नसतो.

आता तो जागेवर नसेल असं का म्हणतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी ओव्हरहीट झाली की बऱ्याच गॅरेजमध्ये पहिला उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि फॅन डायरेक्ट करायचा, म्हणजे सतत फिरत राहील असा जोडायचा. "आपल्या हवेत त्याची गरज नाही, तो परदेशातल्या बर्फासाठी असतो" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. खरं कारण वेगळंच असतं, रेडिएटर चोक झालेला, कॅप ढिली, वॉटर पंप गेलेला, पण थर्मोस्टॅट काढला की काटा थोडा खाली येतो आणि गिऱ्हाईक खुश. मग ती गाडी विकली जाते, नवीन मालकाला डिसेंबरात प्रश्न पडतो. यात अजून एक गंमत आहे, काही इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खाली दुसरी चकती असते जी गरम झाल्यावर बायपासचा रस्ता बंद करते. थर्मोस्टॅट काढला की तो बायपास कायम उघडा, म्हणजे थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात. अशी गाडी हिवाळ्यात तापत नाही आणि उन्हाळ्यात घाटात लोडवर उलट जास्त तापते, आणि मग मेकॅनिक म्हणतो बघा थर्मोस्टॅट नसूनसुद्धा तापतेय.

बरं, आता तपासणी. पहिल्यांदा रात्रभर उभ्या गार गाडीचं कूलंट बघा. रेडिएटरची कॅप गार असतानाच उघडायची, गरम गाडीची कॅप उघडून तोंड भाजलेले लोक मी बघितलेत, सिस्टीम प्रेशरमध्ये असते आणि उघडल्या उघडल्या उकळतं पाणी अंगावर येतं. नुसती बाटलीतली लेव्हल बघून भागत नाही, बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं होतं. कूलंट कमी असेल तर सेन्सर कधी पाण्यात कधी हवेत लटकतो, काटा उड्या मारतो, हीटर गार येतो, आणि पी०१२८ सुद्धा येऊ शकतो. कमी असेल तर भरून घ्या पण मग गेलं कुठे तेही शोधा.

दुसरी टेस्ट जवळजवळ फुकटची आहे आणि मला सगळ्यात आवडणारी. फोनला जोडायचं ब्लूटूथचं ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं) घ्या, स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावा, सकाळी गाडी चालू न करता नुसतं इग्निशन ऑन करून दोन आकडे बघा, कूलंटचं टेंपरेचर आणि आत येणाऱ्या हवेचं टेंपरेचर. रात्रभर उभी गाडी आहे, दोन्ही जवळपास सारखे पाहिजेत, तीन-चार अंशाचा फरक चालतो. हवा ११ दाखवतेय आणि कूलंट १२, तर सेन्सर निदान या टोकाला तरी खरं बोलतोय. हवा ११ आणि कूलंट उणे १५ दाखवत असेल तर मात्र दुसरा गॅरेजवाला बरोबर, सेन्सर नाहीतर त्याची वायर. आणि बदलायच्या आधी कनेक्टर काढून बघा, कारण हा सेन्सर गार असताना जास्त रेझिस्टन्स आणि गरम झाल्यावर कमी रेझिस्टन्स असा चालतो, बऱ्याच गाड्यांत २० अंशाला दोन ते तीन किलोओम आणि ८० अंशाला साधारण तीनशे ओम. म्हणजे पिनेला हिरवा गंज चढला की रेझिस्टन्स वाढतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन गार आहे. नवीन सेन्सर त्याच गंजक्या कनेक्टरला लावून काही होत नाही. वायर पूर्ण तुटली तर स्कॅनर उणे ४० दाखवतो, पी०११८ (सेन्सरच्या वायरिंगचा कोड) येतो, आणि ईसीयू घाबरून फॅन कायम चालू ठेवतो, हे सगळं एकत्र दिसलं तर थर्मोस्टॅटला हात लावूच नका.

काट्यावर फार विश्वास ठेवू नका हेही सांगून ठेवतो. नव्या गाड्यांत काटा मुद्दाम शांत ठेवलेला असतो, सत्तर-पंचाहत्तरपासून शंभरच्या पुढेपर्यंत तो मधेच बसून राहतो, म्हणजे काटा पावावर आहे म्हणजे इंजिन खरंच फार गार आहे. ज्यांच्या गाडीला काटाच नाही, फक्त निळा दिवा आहे, त्यांचं तर अजून अवघड, कारण तो निळा दिवा बऱ्याच गाड्यांत पन्नास-पंचावन्नच्या आसपासच विझतो आणि थर्मोस्टॅट उघडा असला तरी तेवढं तापतंच, त्यामुळे दिवा विझला म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. उलट जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा एका वायरचा आणि ईसीयूचा वेगळा दोन वायरचा असतो. तिथे काटा खाली पण हीटर चांगला गरम आणि स्कॅनरवर ८८, असं दिसलं तर फक्त काट्याची लाइन बिघडलीय, इंजिन मजेत आहे.

आता मुख्य टेस्ट. गार गाडी चालू करा, एसी बंद, हीटरचा पंखा बंद, आणि बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपला हात लावून बघत राहा, फॅन आणि बेल्टपासून बाही आणि बोटं लांब ठेवून. चांगल्या गाडीत इंजिन तापत जातं, हीटरचे बारीक पाइप गरम होतात, पण हा जाड पाइप बराच वेळ गारच राहतो, आणि मग स्कॅनरवर ऐंशी-पंच्याऐंशी आलं की एकदम हात ठेववणार नाही असा तापतो. तुमच्या गाडीत तो पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जाईल, स्कॅनरवर ३५ तर पाइपही ३० च्या आसपास. तसं झालं की संपलं, वॉल्व्ह बंद होत नाहीये. पण थर्मोस्टॅट कुठे बसलाय ते आधी बघा, बऱ्याच इंजिनांत तो पाणी आत येण्याच्या बाजूला, म्हणजे खालच्या पाइपच्या टोकाला असतो. तिथे वरचा पाइप आधी तापला म्हणून थर्मोस्टॅट दोषी धरता येत नाही, खालचा पाइप बघायचा. गावाकडे थर्मामीटरची गन असलेले मेकॅनिक आता बरेच आहेत, पण चकचकीत अॅल्युमिनियमवर गन मारली की ती कमी दाखवते, काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मारा किंवा रबराच्या पाइपवर मारा.

मग हायवे. ओझर-पिंपळगावच्या बाजूला सकाळी लवकर निघा आणि शेजारच्याला फोन बघायला सांगा, स्वतः चालवत बघू नका. चांगला थर्मोस्टॅट असेल तर एकदा तापल्यावर ८२ ते ९२ असं काहीतरी दिसेल, स्पीड काहीही असो. उघडा असेल तर ऐंशी-नव्वदच्या स्पीडला ६०-६५ वर येऊन बसेल, ढाब्यावर आयडलला ठेवली की ७८-८० चढेल. याहून पक्की टेस्ट पाहिजे असेल तर कसारा घाट उतरताना बघा. उतारावर गिअरमध्ये पाय काढलेला असतो तेव्हा इंधनाचं इंजेक्शन बंद, उष्णता जवळजवळ तयारच होत नाही आणि वारा मात्र पूर्ण लागतो. चांगली गाडी चार-पाच अंश खाली येऊन थांबते कारण वॉल्व्ह मिटतो, बिघडलेली नुसती घसरत जाते. बंब पेटवायचा आणि खालचा नळ सोडून ठेवायचा तसला प्रकार आहे हा, जाळ कमी केला की लगेच पाणी गार.

फॅनबद्दल लोक फार गोंधळ घालतात. फॅन डायरेक्ट केलाय, सतत फिरतोय म्हणून इंजिन गार राहतंय, ही अर्धीच गोष्ट आहे. थर्मोस्टॅट नीट मिटत असेल तर फॅन दिवसभर फिरला तरी तो रेडिएटरमधलं अडकलेलं पाणी गार करतो, इंजिनातलं नाही. आणि हायवेला तर फॅन असो नसो, समोरचा वारा त्याच्या कितीतरी पट असतो. फॅन सतत फिरणं हा वेगळा बिघाड आहे, रिले चिकटलाय का, एसीच्या प्रेशर स्विचमुळे चालतोय का, कुणी डायरेक्ट वायर टाकलीय का, ते बघा आणि मूळ वायरिंग परत करून घ्या, पण काटा त्याने वर येणार नाही. बोलेरो, जुनी सुमो अशा गाड्यांत इंजिनवरच फिरणारा व्हिस्कस कपलिंगचा फॅन असतो, तो जाम झाला की सकाळी गार इंजिनला विमानासारखा आवाज करत फिरतो, डिझेल खातो, आणि थर्मोस्टॅट थोडा जरी गळका असला तरी मग इंजिन अजिबात तापू देत नाही. तिथे दोन्ही बघावं लागतं.

डिझेलवाल्यांसाठी एक सूचना. छोटं डिझेल इंजिन आयडलला इतकी कमी उष्णता तयार करतं की थंडीत अर्धा तास उभी ठेवली, वर हीटर फुल, तर नव्वदला पोचणारच नाही आणि तो बिघाड नाही. डिझेलची तपासणी रस्त्यावर, लोडवरच करायची. पण तिथेही साठ-सत्तरवर अडकत असेल तर दुर्लक्ष करू नका, खासकरून एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाडीत, कारण कूलंट पुरेसं गरम नसेल तर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई सुरूच होत नाही किंवा अर्धवट सुटते, काजळी साचत जाते, मग लोक डीपीएफच्या नावाने खडे फोडतात आणि मूळ बिघाड थर्मोस्टॅटचा निघतो. ज्यांच्या गाडीत स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं) आहे आणि हिवाळ्यात ते कधी चालतच नाही, त्यांनीही एकदा कूलंटचा आकडा बघावा.

तुमच्याकडे सीएनजी आहे त्यामुळे तुम्हाला याचा त्रास इतरांपेक्षा जास्त. गॅस दोनशे बारपासून खाली उतरताना रेड्यूसर, म्हणजे गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग, प्रचंड गार पडतो, तो गरम ठेवायला इंजिनचंच कूलंट त्याच्यातून फिरवलेलं असतं. सिक्वेन्शिअल किट गाडी पेट्रोलवर चालू करतं आणि रेड्यूसर तीस-चाळीस अंशाला पोचला की गॅसवर जातं. इंजिन तापत नाही म्हणजे सकाळी बराच वेळ पेट्रोल जळतंय, तुमचं एव्हरेज पडण्यात हा वाटा मोठा असणार. आणि हायवेला लोडवर रेड्यूसरला हात लावून बघा, बर्फासारखा गार लागला किंवा बाहेरून घाम धरला असेल तर त्याला गरम पाणी मिळत नाहीये, आतला डायफ्राम (रबरी पडदा) कडक होतो आणि पिकअपला झटके येतात. किट बसवताना पाइप कुठून टॅप केलाय तेही बघून घ्या, हीटरच्या लाइनवरून असेल तर ठीक, कुणी रेडिएटरच्या पाइपवरून टी मारली (टीच्या आकाराचा जोड टाकला) असेल तर थर्मोस्टॅट बंद असताना रेड्यूसरला गरम पाणी पोचणारच नाही.

एव्हरेजचं सगळं खापर थर्मोस्टॅटवर फोडू नका मात्र. गार इंजिनला ईसीयू पेट्रोल जास्त देतो, गार ऑइल जड असतं, हे खरंच, पण थंडीत टायरची हवाही उतरते, दर पाच-सहा अंशाला साधारण एक पीएसआय, आणि ऑक्टोबरात भरलेली हवा कुणी डिसेंबरात तपासत नाही.

घरचे जे म्हणतात थंड इंजिन चांगलं, त्यांना ऑइलची कॅप उघडून दाखवा. आतल्या बाजूला पिवळसर पांढरी साय दिसली तर ती इंजिनात तयार होणारी वाफ आहे, इंजिन तापत नाही म्हणून ती उडून न जाता ऑइलमध्ये मिसळतेय. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं ते वेगळंच. (नुसती कॅपला साय आणि बाकी सगळं ठीक असेल तर लगेच हेड गॅस्केट (ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं इंजिनातलं सील) गेलं म्हणून घाबरू नका, रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीतही हिवाळ्यात ती येते. कूलंट कमी होत असेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल चहासारखं झालं असेल तर मात्र गाडी चालवू नका.)

थर्मोस्टॅट काढल्यावर, म्हणजे सापडला तर, आधी नुसता डोळ्यांनी बघा. गार असताना प्रकाशाकडे धरला की फट दिसायला नको, मधे गंजाचा खडा किंवा पाइपात कुणीतरी वापरलेल्या सीलंटचा तुकडा अडकलेला सापडतो कधी कधी. मग पातेल्यात पाणी, दोऱ्याने लटकवून, तळाला न टेकता, शेजारी थर्मामीटर. ८२ चा असेल तर त्याच्या आसपास हलायला लागला पाहिजे आणि ९५ पर्यंत साधारण ८ मिमी उघडला पाहिजे, आणि गॅस बंद केल्यावर पूर्ण मिटला पाहिजे, हे शेवटचं लोक बघतच नाहीत आणि तुमच्या तक्रारीत तेच महत्त्वाचं. नवीन आणलेला पण असाच उकळून बघा, बसवायच्या आधी.

नवीन घेताना कंपनीने दिलेल्याच अंशाचा घ्या. दुकानदार म्हणेल आपल्याकडे ऊन जास्त, ७६ चा लावा, तर ऐकू नका, पी०१२८ तसाच राहील. साध्या गाडीचा काही शे रुपयांत येतो, प्लॅस्टिकच्या हाउसिंगसकट एकत्र असेल तर जास्त लागतात, आणि काही टर्बो पेट्रोल जर्मन गाड्यांत हेडला वेगळा, ब्लॉकला वेगळा असे दोन असतात तिथे रस्त्यावरच्या मेकॅनिकने प्रयोग करू नयेत. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, आणि चकतीवर छोटी हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला, त्यातून हवा निघते. ओ-रिंग नवीन. बोअरचं पाणी भरू नका, आपल्याकडच्या जड पाण्याने थर बसून थर्मोस्टॅट अडकतात आणि रेडिएटरही चोक होतो, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं किंवा तयार मिक्स. हीटर फुल गरमवर ठेवून हवा काढा, फॅन एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत थांबा, गार झाल्यावर लेव्हल परत बघा.

आणि एक, थर्मोस्टॅट परत बसवला की जो मूळ बिघाड झाकायला तो काढला होता तो वर येऊ शकतो. म्हणून त्याच वेळी रेडिएटर साफ आहे का, कॅप प्रेशर धरते का, मूळ वायरिंगवर फॅन स्वतःहून लागतो का, हे तिन्ही करून घ्या, मार्चची वाट बघू नका. कोड उडवल्यावर तो परत यायला बऱ्याच गाड्यांत एकापेक्षा जास्त गार स्टार्ट लागतात, त्यामुळे दिवा विझला म्हणून लगेच खुश होऊ नका, तीन-चार सकाळी चालवा आणि आकडा बघा.

एवढं करूनही हायवेला सत्तरच्या खाली येत असेल तर सकाळचे दोन आकडे, वरचा पाइप कितीला तापला, आणि सीएनजीची टी कुठे मारलीय त्याचा फोटो टाका, मग पुढचं सांगतो.